गॅस्ट्रिक बायपास झालंय, हातात मेडिकल आयडीची पट्टी घालावी का?

सुरंगी_गुहागर

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा विचित्र वाटेल पण विचारतेच. माझं 2023 च्या डिसेंबरात मुंबईला गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे वजन कमी करायचं ऑपरेशन झालं, 118 किलोवरून आता 74 वर आलेय. सासर गुहागरजवळ, मिस्टर नोकरीला मुंबईत, शनिवार-रविवार येतात. ऑपरेशनचं फक्त त्यांना आणि माझ्या आईला माहितीये. वाडीत सगळ्यांना "डाएट केलं" असं सांगून ठेवलंय आणि आता ते निस्तरणं कठीण झालंय, कारण चार बायकांनी माझं डाएट लिहून पण नेलंय 🙈

गेल्या आषाढात विहिरीकडे जाताना जांभ्याच्या पायरीवरून घसरले, शेवाळ धरलेलं, कंबर अशी आपटली की उठताच येईना. दीर रिक्षाने दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर चांगले आहेत, त्यांनी तपासलं, हाड मोडलेलं नाही म्हणाले आणि नेहमीचं डायक्लोचं इंजेक्शन भरायला घेतलं. मला डिस्चार्जच्या वेळी दहादा बजावलेलं की ही पेनकिलर जन्मात घ्यायची नाही. पण दीर शेजारीच उभे, बोलू कशी? स्पिरिटचा गार बोळा लागला तेव्हा कुठे तोंडातून निघालं, "मला ते चालत नाही, अल्सर आहे." त्यांनी दुसरं काहीतरी दिलं, विषय मिटला. पण रात्रभर डोळा लागला नाही. बेशुद्ध असते तर? फाइल तर मुंबईच्या कपाटात.

तर हातात ते मेडिकल आयडीचं ब्रेसलेट घालतात ना, ते घ्यावं का? इथे ते वाचणार कोण, त्यावर लिहायचं काय, आणि सासूबाईंनी विचारलं तर सांगायचं काय? शेवटचा प्रश्न खरा अवघड आहे.

गोळीवाला (रत्नागिरी)

ताई, 19 वर्षं मेडिकलच्या काउंटरला उभा आहे म्हणून सांगतो, "अल्सर आहे" हे पुढच्या वेळी पुरणार नाही. अल्सर म्हटलं की बरेच जण त्याच पेनकिलरला अ‍ॅसिडिटीची गोळी जोडून देतात आणि मोकळे. तुमची गोष्ट वेगळी आहे. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून तिला आतडं जोडतात, त्या जोडावर या औषधांनी जखम होते, ती वाहू शकते, फुटू पण शकते. आणि इंजेक्शन घेतलं म्हणजे पोट वाचलं असं नाही, ते रक्तातूनच काम करतं, त्यामुळे गोळी काय नि सुई काय, सारखंच.

काउंटरवरची गंमत सांगतो. लोक "साधी पॅरासिटामॉल द्या" म्हणतात आणि सवयीने घरातली जुनी स्ट्रिप दाखवतात, तिच्यावर अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल अशी दोन नावं असतात, गिऱ्हाईक वाचतं फक्त दुसरं. कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन आहे हे पण निम्म्यांना माहीत नसतं. तुम्हाला नुसती पॅरासिटामॉल चालते, पण स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षर वाचायचं, चष्मा लावून. कुणाला हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ती मात्र स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

पट्टी घाला. मी तर म्हणतो त्या गावच्या डॉक्टरांना एकट्याला गाठून खरं सांगून टाका. ते काय वाडीत दवंडी पिटणार नाहीत.

चिपळूणकर७७

पट्टीबिट्टी कशाला, मोबाइलमध्ये लॉक न उघडता दिसणारी इमर्जन्सी माहिती भरता येते. फुकट. कोणाला दिसत पण नाही, सासूबाईंना तर नाहीच 😀

दर्यावर्दी_दापोली

मोबाइलवर भरवसा ठेवायचा तर तो पडल्यावर शाबूत पाहिजे, चार्ज पाहिजे आणि पेशंटजवळ पाहिजे. आमच्याकडे पावसात तीनदा लाइट जाते, बाकी तुम्ही समजून घ्या.

मी 22 वर्षं बोटीवर होतो. आमच्या फिलिपिनो कुकच्या मनगटात साखळी असायची, पुढे सापाची काठी, मागे पेनिसिलीन अ‍ॅलर्जी. तेव्हा हसायचो, नंतर वाचलं की हे सुरू झालं अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या टरलॉक गावात. तिथल्या एका डॉक्टरच्या मुलीला 1953 साली बोट कापलं म्हणून धनुर्वाताच्या अँटिटॉक्सिनची नुसती चाचणी केली तर त्यातच ती दगावता दगावता वाचली. पुढे ती कॉलेजला निघाली तेव्हा आईबापांनी सोनाराकडून चांदीचं कडं करून घेतलं, त्यावर अ‍ॅलर्जी कोरली. त्यातून 1956 ला मेडिकअलर्ट ही संस्था निघाली. म्हणजे मुलगी घराबाहेर पडली, आता तिच्या बाजूने बोलणारं कोणी नाही, एवढाच मुद्दा. तुमचे मिस्टर पाच दिवस मुंबईत असतात ना?

मालवणी_बांगडो

गो बाय, चांदीचा करू नको हां. माझ्या भावाक डायबेटिस असा म्हणान चांदीच्या साखळेत पट्टी करून दिलंय, आमचा घर दर्यार, खाऱ्या वाऱ्यान चार म्हयन्यात काळीकुट्ट, अक्षरा वाचूची तर चिंच घेऊन घासूक बस. स्टीलाचाच कर. आणि बांगड्यांत घालू नको, कोणाक दिसाचा नाय. घड्याळाच्या हातात घाल.

सिस्टर_कणकवली

बांगड्यांचं अगदी बरोबर. बेशुद्ध पेशंट आला की आम्ही मनगट आणि गळा बघतो, पण डझनभर बांगड्यांत एक पट्टी असेल तर ती बांगडीच वाटते. ब्लाउजच्या आत लपवलेलं लॉकेट पण उशिरा सापडतं. 108 वाल्यांना गाडीत आधी नाडी बघायची असते, तेव्हा मनगट उत्तम.

काय लिहायचं ते सांगते. पुढे नाव आणि घरच्यांचा नंबर, तो मराठीत चालेल. मागे रोमन मोठ्या अक्षरात ऑपरेशनचं नाव आणि वर्ष, खाली "नो एनएसएआयडी" (म्हणजे डायक्लो, आयबुप्रोफेन असल्या पेनकिलर नकोत), त्याखाली "नो ब्लाइंड एनजी ट्यूब". बस. पट्टी दोन बोटांएवढी, तिथे पुराण लिहायला जाऊ नका, अक्षर बारीक झालं की कोणी वाचत नाही. नाकातून पोटात नळी घालतात ना, ती आम्ही अंदाजानेच सरकवतो, नेहमीच्या जठरात काही होत नाही. तुमची पिशवी एवढीशी, नळी सरळ जोडावर जाऊन टोचू शकते. ती घालायचीच झाली तर बघून घालतात. हे ऑपरेशनबद्दल कळल्याशिवाय कोणाच्या डोक्यात येणार?

अजून एक, आपल्याकडे अशक्तपणा आला की "सलाईन लावा" म्हणतात. बायपासवाल्यांना खूप दिवस उलट्या होत असतील तर बी-वन, म्हणजे थायमिन हे व्हिटॅमिन, कमी झालेलं असतं, त्यात नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला धोका. साखर खाली गेली असेल तर ग्लुकोज थांबवत नाहीत, पण थायमिन सोबत द्यायला लागतं. हे पट्टीवर मावणार नाही, पाकिटात एक चिठ्ठी लॅमिनेट करून ठेवा. डिस्चार्ज कार्डाचा फोटो दिराच्या फोनमध्ये... बरं, मिस्टरांच्या फोनमध्ये.

आणि पोटात वारंवार जोराची कळ येत असेल तर गॅस म्हणून ओवा-सोडा घेत बसू नका. वजन उतरल्यावर आतली जागा वाढते आणि आतडं फटीत अडकू शकतं, वर्षांनी पण. तेव्हा पट्टी दाखवायची आणि तोंडाने पण सांगायचं.

एमआरआयला मात्र मंगळसूत्र, बांगड्यांबरोबर पट्टीपण काढून घरच्यांच्या हातात देतात, मग ती पर्समध्ये आणि पेशंट आत. काढताना सिस्टरला वाचून दाखवा.

स्लीव्हवाली_सावंतवाडी

माझं स्लीव्ह आहे, म्हणजे जठर कापून नुसतं अरुंद करतात ते. सर्जन म्हणाले जोड नाही म्हणून नळीचं तेवढं टेन्शन नाही, पेनकिलरला मात्र विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. म्हणजे नुसतं "वजनाचं ऑपरेशन" कोरू नका, कुठलं ते लिहा. माझ्या मावसबहिणीचं बायपास, तिला गरोदरपणात सगळ्यांसारखं 75 ग्रॅम ग्लुकोजचं पाणी प्यायला दिलं. अर्ध्या तासात घामाने न्हाली, धडधड, बाकावर आडवी. याला डंपिंग म्हणतात, गोड एकदम आतड्यात उतरलं की होतं. नंतर त्यांनी घरी बोट टोचून साखर बघायला सांगितली. सरळ चालत गेलेली बाई, शुद्धीत, फक्त लाजेने बोलली नाही.

सुरंगी_गुहागर

सगळ्यांचे आभार. झालं एकदाचं, चिपळूणला जाऊन आले. ऑनलाइनवाल्याची वाट कोण बघणार, भांड्यांच्या दुकानात नाव घालून देतात ना मशीनने, तिथेच स्टीलच्या पट्टीवर कोरून घेतलं. त्याने सवयीने विचारलं, "पुढे कै. घालायचं का, कोणाच्या स्मरणार्थ आहे?" म्हटलं, अजून नको, थोडी वर्षं थांबा.

डॉक्टरांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले की तेव्हाच बोलायचं ना, आणि केसपेपरवर लाल पेनने लिहून घेतलं.

सासूबाईंनी संध्याकाळी नारळ खवताना हात धरून पट्टी फिरवून बघितली. वाचता काही आलं नाही, विचारलं कसली. सांगितलं सगळं. त्या खवत खवतच म्हणाल्या, "गेल्या गणपतीत तू एका मोदकावर उठलीस तेव्हाच मी ओळखलं, डाएटवाली मोदकावर नाही थांबत." आता त्या चार बायकांना माझ्या डाएटचं काय सांगायचं ते त्याच ठरवतायत, मला त्यात पडायचं नाही.