‘यश’ म्हणजे कीर्ती की सफलता?

पिंपळपान (धागाकर्ता)
गीतेच्या अकराव्या अध्यायातील ‘तस्मात्त्वमुत्तिष्ठ यशो लभस्व’ या चरणाचा अर्थ एका अभ्यासवर्गात ‘म्हणून ऊठ आणि यशस्वी हो’ असा सांगितला गेला, तेव्हापासून हा प्रश्न मनात घोळतो आहे. पुढचाच चरण ‘जित्वा शत्रून् भुङ्क्ष्व राज्यं समृद्धम्’ असा आहे. शत्रूंना जिंकण्याची गोष्ट तेथे स्वतंत्रपणे आलेली असताना आधीच्या ‘यशा’चा अर्थ कीर्ती असाच घ्यावा लागतो. कालिदास रघुवंशाच्या आरंभी स्वतःला ‘कवियशःप्रार्थी’ म्हणवतो आणि काव्यशास्त्रकार मम्मट काव्याच्या प्रयोजनांत ‘यशसे’ (यशासाठी) हे पहिले सांगतो, तेही याच अर्थाने. मराठीत मात्र दहावीच्या निकालापासून निवडणुकीपर्यंत ‘यश’ म्हणजे हाती घेतलेले काम तडीस जाणे. माझ्या मते ही शब्दाची घसरण आहे. त्या अर्थासाठी आपण ‘साफल्य’ किंवा ‘सफलता’ वापरावे आणि ‘यश’ कीर्तीसाठी मोकळे ठेवावे.

उंबरठा
‘घसरण’ हा शब्दच मला मान्य नाही. ‘शिक्षा’ म्हणजे संस्कृतात शिकवण आणि मराठीत दंड. तो शब्द मूळ अर्थाला परत द्यावा असे कोणी म्हणत नाही. ‘डॉक्टरांच्या हाताला यश आहे’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्या डॉक्टरांचे नाव शेजारच्या गावातही ठाऊक नसले तरी चालते. तेथे कीर्तीही बसत नाही आणि सफलताही. (साफल्य तर आता इमारतींच्या पाट्यांवरच उरले आहे.) शिवाय समर्थ रामदासांनी शिवरायांना ‘यशवंत कीर्तिवंत’ असे लागोपाठ म्हटले आहे. दोन्हींचा अर्थ एकच असता तर दोन विशेषणे कशाला?

पिंपळपान
दोन विशेषणांवरून एवढे सिद्ध होत नाही. दानादींमुळे मिळते ती कीर्ती आणि शौर्यादींमुळे मिळते ते यश, असा भेद जुन्या परंपरेतच सांगितला आहे. म्हणजे दोन्ही नावलौकिकाचेच प्रकार झाले. माझी खरी तक्रार ‘अपयशा’बद्दल आहे. तुलसीदासांच्या ‘हानि लाभु जीवनु मरनु जसु अपजसु बिधि हाथ’ या ओळीतले शेवटचे जोडपे मराठी वाचक सहजच यशापयश असे वाचतो, आणि मग ते हानी-लाभाचीच पुनरुक्ती वाटू लागते. तेथे अभिप्रेत आहे ते नाव होणे आणि नाव बद्दू होणे.

चौकटीबाहेर
आपण सांगितलेला भेदच उंबरठा यांच्या बाजूने जातो. जी कीर्ती पराक्रमाला चिकटलेली आहे, तिचे नाव पुढे त्या पराक्रमाच्या सिद्धीलाच मिळाले, तर त्यात घसरण कसली? आणि जुना अर्थ पुरता गेलेलाही नाही. ‘अपयशाचे धनी होणे’, ‘अपयश माथी येणे’ या प्रयोगांत काम फसल्यापेक्षा लोकांनी दोष देण्याचेच दुःख अधिक आहे. जुन्या ग्रंथांच्या अनुवादापुरते मात्र मी पिंपळपान यांच्याशी सहमत आहे. तेथे ‘कीर्ती’ आणि ‘अपकीर्ती’ हेच शब्द घ्यावेत.

उंबरठा
ग्रंथांपुरते मलाही मान्य आहे. परंतु ‘तिला परीक्षेत सफलता मिळाली’ हे वाक्य हिंदीतून घाईने उतरवल्यासारखे वाटते. ‘शस्त्रक्रिया यशस्वी झाली’ हे आपण कसे लिहाल, तेवढे सांगावे.

पिंपळपान
‘शस्त्रक्रिया सफल झाली’ असे लिहीन, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर ते मलाच खटकेल. तेव्हा रोजच्या व्यवहारातील ‘यशा’बद्दलचा आग्रह मी सोडतो. अभ्यासवर्गात मात्र पुढच्या वेळी ‘यशो लभस्व’ म्हणजे ‘कीर्ती मिळव’ असेच सांगणार आहे.