मदत हवी आहे: थंडीत रात्रभर उठावं लागतं, सलग झोप कशी मिळवता?

आम्ही निफाडजवळ राहतो, इथली थंडी तुम्हाला माहीत असेलच. सासूबाई (७८) अर्धांगवायूमुळे दीड वर्ष अंथरुणावर आहेत. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, शिवाय थंडीत रात्रीतून दोनदा तरी डायपर. उन्हाळ्यात निभलं. आता गोधडीतून एकदा उठलं की परत डोळा लागायला तास जातो, तोवर पुढचा गजर. माझी कंबर धरलीय.

हवेची गादी आणली, पण डॉक्टर म्हणाले, तरीही कूस बदलायचीच. हातांच्या भेगांना व्हॅसलीन लावून सुती मोजे घालते, तेवढा आराम आहे. कृपया शेगडी सुचवू नका, बंद खोलीत कोळसा म्हणजे जिवाशी खेळ. गरम पाण्याची पिशवीही नको, त्यांच्या डाव्या अंगाला चटका कळत नाही. दिवसा झोपायचं तर लेकीची शाळा आणि शेतातली कामं आहेत.

नवऱ्याची आठवड्याआड रात्रपाळी असते. तो घरी असला की अर्धी अर्धी रात्र वाटून घेतो, प्रश्न उरलेल्या आठवड्याचा. नाशिकचे ब्युरोवाले महिनाभराचीच बाई देतात, ते परवडत नाही.

रात्रपाळीच्या आठवड्यात दोनच रात्रींसाठी कुणी बाई ठेवलीय का? पैसे रात्रीवर ठरवले की तासावर? आणि एकटीनेच करणाऱ्यांनो, निदान चार तास सलग झोप मिळेल असं तुम्ही कसं बसवलंत?