स्वच्छंदतावादाचा आरंभ १७९८ पासूनच का?

प्रश्न (मडगाव): विल्यम ब्लेक या इंग्रज कवीचा ‘साँग्स ऑफ इनोसन्स’ हा संग्रह १७८९ मधला असताना इंग्रजी स्वच्छंदतावादाचा (रोमँटिसिझम, भावना आणि कल्पनेला महत्त्व देणारा साहित्यप्रवाह) आरंभ १७९८ पासून का धरतात, हे कृपया कोणी सांगावे.

उत्तर (फोंडा): आपली शंका रास्त आहे. १७९८ मध्ये वर्ड्‌सवर्थ आणि कोलरिज या कवींचा ‘लिरिकल बॅलड्स’ हा संग्रह निघाला आणि माणसांची खरीखुरी बोली कवितेत यावी, ही भूमिका वर्ड्‌सवर्थने पुढे १८०० च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत ठामपणे मांडली, म्हणून अभ्यासकांना ते वर्ष सोयीचे वाटले.

उत्तर (पेडणे): ‘रिस्टोरेशन’ (राजसत्तेची पुनःस्थापना) हा इंग्रजी साहित्याचा कालखंड मात्र राजकीय घटनेवरून ओळखतात, १६६० मध्ये राजा दुसरा चार्ल्स इंग्लंडला परतला आणि १६४२ पासूनची नाट्यबंदी उठली. आमच्याकडे काल्याचे (देवळातल्या उत्सवाचे) नाटक एक वर्ष चुकले तरी गाव हळहळतो, मग त्या अठरा वर्षांचे मोल सहज कळते.