मदत हवी आहे : कोर्टाच्या त्या चित्रपटाचा शेवट कोणी समजावून सांगेल का?

कुर्टीकर
नमस्कार. आमच्या वाचनालयाच्या मंडळात दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी एका सदस्याने नुकत्याच पाहिलेल्या चित्रपटाविषयी आपले मत मांडावे असा प्रघात आहे, आणि या खेपेस माझी पाळी आली आहे. चित्रपट आम्ही सर्वांनी मागच्या आठवड्यात फोंड्याला एकत्रच पाहिला. तो चांगला आहे याविषयी माझ्या मनात शंका नाही; परंतु तो असा अर्ध्यावर का सोडून दिला आहे हे मला काही केल्या उमगत नाही. त्या माणसाचे पुढे काय झाले, निकाल काय लागला, याचा पत्ता नाही. दिग्दर्शकाला काय म्हणायचे आहे ते कृपया थोडक्यात सांगावे. समीक्षांचे दुवे देऊ नयेत, ते वाचायला मला सवड नाही.

नाट्यवेडा पेडणेकर
कुर्टीकरबाब, आपला प्रश्न वाचून आनंद झाला, कारण हा माझ्या अत्यंत जिव्हाळ्याचा विषय आहे. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६७ साली रंगमंचावर आले आणि सुलभा देशपांडे यांनी त्यातील बेणारेबाई अजरामर केली. सत्यदेव दुबे यांनी त्यावर १९७१ साली चित्रपट केला. तेथे निकाल न लागण्याचा प्रश्नच येत नाही, कारण खटलाच मुळी लुटुपुटीचा आहे, आणि तरीही शिक्षा मात्र खरी होते. शेवटचे स्वगत हे बेणारेबाईचे उत्तर आहे, जे तिच्याभोवती बसलेल्यांपैकी कोणालाही ऐकू जात नाही. आमच्या गावच्या जत्रेत आम्ही हे नाटक केले तेव्हा त्या स्वगताच्या वेळी मांडवातली लहान मुलेसुद्धा चिडीचूप झाली होती. आपल्या मंडळात हे अवश्य सांगावे.

मांडवीतीर
पेडणेकरबाब, ते इतक्या जुन्या चित्रपटाविषयी विचारत असतील असे मला वाटत नाही. कुर्टीकर, आपण चित्रपटाचे नावच लिहिलेले नाही. कोर्टाचे चित्रपट मराठीत आहेत आणि हिंदीत तर ढिगाने आहेत. आरोपी कोण, गुन्हा कोणता, निदान एवढे तरी सांगावे.

कुर्टीकर
नाव ‘कोर्ट’च आहे, म्हणून वेगळे लिहिले नाही. शाहीर असतो, त्याला पकडतात, तो चित्रपट.

मांडवीतीर
आता कळले. चैतन्य ताम्हाणे यांचा २०१४ सालचा ‘कोर्ट’. त्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याला पारितोषिके मिळाली, पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका म्हणूनही तोच गेला. शेवटाविषयी आपल्याला नेमके काय खटकले? निकाल नाही हे, की ती थप्पड?

डिचोलीकर
पुरस्कारांची यादी ऐकून चित्रपट समजत नसतो. मी हा चित्रपट पाहिला आहे आणि स्पष्टच सांगतो, त्यात समजण्यासारखे काही दडलेले नाही. कॅमेरा एका जागी ठेवून द्यायचा, माणसे चौकटीत येतात आणि जातात, आणि आपण त्याला कला म्हणायचे. प्रेक्षकाने पैसे मोजून दोन तास दिल्यावर त्याला निकाल मिळणे हा त्याचा हक्क आहे.

निवृत्त शिरस्तेदार
डिचोलीकर, माझी उभी नोकरी कोर्टात गेली, त्यामुळे दोन शब्द लिहिण्याचा अधिकार मला आहे असे मी समजतो. जो चित्रपट आपल्याला रटाळ वाटला, त्यात कोर्टाचे कामकाज जसे दाखवले आहे तसे मी आयुष्यात दुसऱ्या कोणत्याही चित्रपटात पाहिलेले नाही. साक्षीदार चार वाक्ये बोलतो, न्यायाधीश त्याची एक ओळ करून टंकलेखकाला सांगतात, आणि कागदावर राहते ती तेवढी ओळ. हिंदी चित्रपटात वकील टेबलावर मुठी आपटतात; आमच्याकडे अशिलाचे निम्मे आयुष्य पुढली तारीख कोणती हे विचारण्यात जाते. एक बाई बिनबाह्यांचा पोशाख घालून आली म्हणून तिचे प्रकरण त्या दिवशी ऐकले जात नाही, तो प्रसंग पाहताना मला हसूही आले आणि संकोचही वाटला. निकाल नाही अशी तक्रार आपण करता, तर कच्च्या कैदेत असलेल्यांच्या घरच्यांना एकदा विचारून पाहावे.

डिचोलीकर
शिरस्तेदारसाहेब, कोर्टात जसे घडते तसेच पाहायचे असेल तर मी म्हापशाच्या कोर्टातच जाऊन बसेन, तेथे तिकीटही लागत नाही. चित्रपट म्हणजे वास्तवाची नक्कल नव्हे.

साष्टीची लेक
चर्चा चांगली चालली आहे, परंतु गोव्यात बसून आपण सर्वजण मुंबईच्या चित्रपटांवरच बोलतो याचे मला नवल वाटते. मंडळात बोलायचेच असेल तर लक्ष्मीकांत शेटगांवकर यांच्या ‘पल्तडचो मनीस’वर बोला. २००९ साली टोरांटोच्या महोत्सवात त्याला आंतरराष्ट्रीय समीक्षकांचा पुरस्कार मिळाला होता. रानातला एकटा वनरक्षक एका मानसिक रुग्ण बाईला आसरा देतो आणि सगळा गाव त्याच्यावर उलटतो, एवढीच गोष्ट आहे, परंतु ते रान आपले आहे आणि तो गावही आपला आहे. कोंकणी चित्रपट पाहिला म्हणून कोणाच्या मराठीला उणेपणा येत नाही.

कुर्टीकर
बाय, तो चित्रपट चांगलाच असणार, पण मंडळाने पाहिला आहे तो ‘कोर्ट’, आणि बोलायचे आहे शनिवारी. मांडवीतीर, आपण थप्पड म्हणालात. कोणती थप्पड?

मांडवीतीर
शेवटच्या प्रसंगातली. न्यायाधीश झोपलेले असतात ती.

कुर्टीकर
न्यायाधीश कोर्टात झोपलेले मला आठवत नाहीत.

निवृत्त शिरस्तेदार
कोर्टात नव्हे, सहलीला गेल्यावर. कुर्टीकरबाब, आपण चित्रपट कोणत्या प्रसंगापर्यंत पाहिला ते सविस्तर सांगावे. मला वेगळीच शंका येते आहे.

कुर्टीकर
पूर्ण पाहिला. मध्ये उठलो नाही, झोपलो तर मुळीच नाही. शाहिराचा जामीन नाकारला जातो, उन्हाळ्याची सुट्टी लागते, सर्व लोक निघून जातात, शिपाई खिडक्या लावतो, दिवे मालवतो आणि पडद्यावर काळोख होतो. तेथे संपतो. आमच्याकडे लगेच सभागृहातले दिवे लागले, अध्यक्षांनी आभार मानले आणि चहा झाला. यात सविस्तर सांगण्यासारखे काय आहे?

मांडवीतीर
आपला प्रश्न आता सुटला आहे, म्हणजे खरे तर आता सुरू झाला आहे. चित्रपट तेथे संपत नाही. तो काळोख मुद्दाम लांबवलेला आहे आणि अनेकांना तेथे शेवट झाल्यासारखे वाटते. आपल्या आयोजकांनाही तसेच वाटून त्यांनी यंत्र बंद केलेले दिसते. चित्रपट ११६ मिनिटांचा आहे. आपला चहा त्याआधीच झाला असणार.

नाट्यवेडा पेडणेकर
हे फारच गमतीचे झाले. आमच्या दशावतारात असे कधी होत नाही, कारण तेथे पहाट झाल्याखेरीज कोणी उठतच नाही.

कुर्टीकर
गंमत आपल्यासाठी असेल. मंडळातील सर्वांनी मिळून अर्धवट चित्रपट पाहिला आहे आणि गेला आठवडाभर आम्ही त्या शेवटाची वाखाणणी करत आहोत. एका सदस्याने तर तो काळोख म्हणजे देशाच्या न्यायव्यवस्थेचे प्रतीक आहे असे सांगून टाळ्याही घेतल्या. आता पुढे काय होते ते कृपया लिहावे.

म्हापशाचा शशी
कृपया लिहू नये. मी चित्रपट पाहिलेला नाही आणि हा धागा वाचत आहे. शेवट उघडा करायचा असेल तर आधी तशी ठळक सूचना द्यावी, हा साधा शिष्टाचार आहे.

निवृत्त शिरस्तेदार
शशीबाब, ज्या धाग्याच्या शीर्षकातच शेवट समजावून मागितला आहे तो आपण उघडलात, यात आमचा काय दोष? तरीही सांगतो, यापुढचा मजकूर ज्यांना नको असेल त्यांनी येथेच थांबावे.

सुट्टी लागल्यावर न्यायाधीश आपल्या गोतावळ्यासह एका रिसॉर्टवर सहलीला जातात. तेथे ते हाफ पँटीत आहेत, गप्पा मारत आहेत, सर्वांशी मायेने वागत आहेत. एका परिचिताचे मूल बोलत नाही, तर त्यावर ते अंकशास्त्र आणि खड्याची अंगठी असा उपाय सुचवतात. पुढे ते बागेतल्या बाकावर बसल्याबसल्या डुलकी घेतात, मुले हळूच येऊन एकदम ओरडतात, ते दचकून उठतात आणि हाताला लागलेल्या मुलाला थोबाडीत देतात. मूल रडत निघून जाते आणि ते पुन्हा डोळे मिटतात. माझ्या मते यात न्यायाधीशाला खलपुरुष ठरवलेले नाही. झोपमोड झालेला कोणीही आजोबा हेच करील. माणूस वाईट नाही, एवढेच दिग्दर्शकाला सांगायचे आहे.

मांडवीतीर
शिरस्तेदारसाहेब, आपल्याविषयी पूर्ण आदर ठेवून येथे मी असहमत आहे. एवढेच सांगायचे असते तर सहलीत गाण्याच्या भेंड्या दाखवूनही ते सांगता आले असते. चित्रपटाची रचना पाहा. कोर्टातून सुटल्यावर कॅमेरा आधी बचावाच्या वकिलामागे जातो : तो एकटा राहतो, सुपरमार्केटातून वाइन आणि चीज घेतो, आईवडिलांशी गुजरातीत वाद घालतो. मग तो सरकारी वकील बाईंमागे जातो : लोकलने घर, घरी स्वयंपाक, आणि एका संध्याकाळी कुटुंबासह मराठी नाटक, ज्यात परप्रांतीयांची टिंगल चालली आहे आणि सभागृह खळखळून हसते आहे. तिसरी पाळी न्यायाधीशांची. म्हणजे शेवटची सहल हे चित्रपटाला लावलेले शेपूट नसून, दोघांच्या घरी जाऊन आल्यावर तिसऱ्याच्या घरी जाणे आहे. आणि तेथे आपल्याला कळते की ज्याच्या हाती शाहिराचे स्वातंत्र्य आहे त्याचा तर्क अंगठीपाशी थांबतो आणि त्याचा हात विचार होण्यापूर्वीच उठतो. तो माणूस वाईट नाही हे मलाही मान्य आहे. मला तर त्याचीच अधिक भीती वाटली.

निवृत्त शिरस्तेदार
अंगठी घालणारे कितीतरी न्यायाधीश मी पाहिले आहेत आणि त्यांचे निकाल उत्तम असत. खासगी श्रद्धा आणि न्यायासनावरचे वर्तन यांत फरक असतो, तो आपण पुसून टाकता.

मांडवीतीर
तो फरक चित्रपटातले न्यायाधीशच पुसतात. बिनबाह्यांच्या पोशाखाचा उल्लेख आपणच केलात, तो प्रसंग न्यायासनावरचाच आहे.

डिचोलीकर
मांडवीतीर यांनी सांगितले तसे कोणी मला आधी सांगितले असते तर मी कदाचित वेगळ्या नजरेने पाहिला असता. मात्र जो चित्रपट समजण्यासाठी असे टिपण लागते त्याला मी यशस्वी म्हणणार नाही, या मतावर मी ठाम आहे. एक प्रसंग मात्र मलाही विसरता आलेला नाही. मेलेल्या सफाई कामगाराची बायको साक्ष देते आणि सांगते की गटारात उतरण्यापूर्वी तो आत खडा टाकून पाही. झुरळे वर आली तर आत हवा आहे असे समजून उतरे. आणि वास सहन व्हावा म्हणून आधी दारू पीत असे. शाहिराच्या गाण्यामुळे त्याने आत्महत्या केली हा सारा खटला त्या बाईच्या दोन-चार साध्या उत्तरांनी उघडा पडतो. चित्रपट तेथेच संपवायला हवा होता.

साष्टीची लेक
डिचोलीकर, म्हणजे निकालाशिवाय संपवायलाही आता आपली हरकत नाही?

डिचोलीकर
मी तसे म्हटलेले नाही.

पर्वरीची प्रतिनिधी
इफ्फीची, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाची, प्रतिनिधी-नोंदणी ऑनलाइन करावी लागते आणि ती शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये. महोत्सव २००४ पासून दर वर्षी पणजीतच भरतो, सर्वसाधारणपणे नोव्हेंबरच्या उत्तरार्धात. गाजणाऱ्या चित्रपटांच्या जागा आरक्षण उघडल्याबरोबर संपतात.

मांडवीतीर
ताई, नोंदणीविषयी येथे कोणी विचारलेले नाही. मात्र चित्रपट महोत्सवात पाहण्याचा एक लाभ असा, की श्रेयनामावली संपेपर्यंत कोणी दिवे लावत नाही.

कुर्टीकर
सर्वांचे आभार. माझी नवी अडचण अशी आहे की शनिवारी मी थपडेविषयी बोललो तर मंडळात कोणालाच काही कळणार नाही, आणि प्रयोग अर्धाच झाला असे म्हटले तर अध्यक्षांना ते लागेल, कारण दिवे त्यांच्याच सांगण्यावरून लावले होते. काळोखाच्या प्रतीकावर टाळ्या घेणारे सदस्यही त्यांचेच मेहुणे आहेत.

निवृत्त शिरस्तेदार
यावर तोडगा सोपा आहे. अध्यक्षांना आदल्या दिवशी घरी जाऊन एकट्याने भेटावे, आणि उरलेला भाग शनिवारी आपल्या भाषणाआधी दाखवावा अशी सूचना त्यांच्याच तोंडून यावी अशी व्यवस्था करावी. कामकाजात जे राहून गेले ते पुढल्या तारखेस घेतले, एवढीच नोंद इतिवृत्तात करावी. मेहुण्यांचे प्रतीक कोणी खोडू नये. तो काळोख चित्रपटात आहेच, फक्त तो शेवटी नाही.

म्हापशाचा शशी
कुर्टीकर, शनिवारी बाहेरच्या माणसांना येता येते का? मी फोंड्याला येऊ शकतो. शेवट मला आता माहीत झालाच आहे, तर निदान पाहून तरी घेईन.

कुर्टीकर
अवश्य यावे. संध्याकाळी पाच वाजता. अध्यक्षांशी आत्ताच फोनवर बोललो. त्यांचे म्हणणे असे, की पुढचा भाग मुद्दामच राखून ठेवला होता.