रोजच्या ओपीडीत जीनोम सिक्वेन्सिंग: सुरुवात कुठून करावी? सल्ला हवा

साधासुधा_डॉक्टर
नमस्कार मंडळी, मी फॅमिली फिजिशियन, पार्टनरसोबत क्लिनिक चालवतो. हल्ली पेशंट स्वतःच कुठूनतरी टेस्ट करून घेतात आणि जाडजूड रिपोर्ट टेबलावर ठेवून म्हणतात बघा ना डॉक्टर यात काय निघालंय. आता पार्टनरच्या डोक्यात आलंय की आपणच सँपल पाठवू, येईल त्याचं होल जीनोम (अख्खा डीएनए वाचणारी टेस्ट) करून ठेवू, पुढे लागेल तसं बघत राहू. ऐकायला भारी वाटतं पण मला धाकधूक आहे. पॅनेल (ठरावीक जीन्स), एक्सोम (जीन्समधले प्रोटीन बनवणारे भाग) की होल जीनोम, कोणाचं करायचं, आणि रिपोर्ट नीट वाचणार कोण? प्रत्यक्ष करणाऱ्यांनी सांगा, ब्रोशर वाचून झालीत.

पिपेटवाली
पार्टनरना आधी चहा पाजून बसवा :) जीनोम म्हणजे सुमारे ३०० कोटी अक्षरं, आणि कुठल्याही धडधाकट माणसात संदर्भ जीनोमपेक्षा (तुलनेसाठी ठरवलेला नमुना) ४० ते ५० लाख ठिकाणी फरक सापडतोच. मशीनचं काम तिथे संपतं, आम्हा लॅबवाल्यांचं सुरू होतं. त्यामुळे आधी प्रश्न ठरवा, मग टेस्ट. हृदयाच्या स्नायूचा आनुवंशिक आजार वाटतोय तर त्याचं पॅनेल पुरतं. मुलाची वाढ मागे आहे, फिट येतात, काहीच धागा सापडत नाही, तर एक्सोम किंवा जीनोम, आणि जमेल तर आईवडिलांचंही सोबत पाठवा, म्हणजे बदल नव्याने आलाय की घरातूनच आलाय ते लगेच कळतं. आणि "काही सापडलं नाही" म्हणजे "काही नाही" असं पेशंटला कधीही सांगू नका प्लीज. एक्सोममध्ये जीनोमचा जेमतेम १-२ टक्के भाग वाचला जातो, फ्रॅजाइल एक्स किंवा हंटिंग्टनसारखे, जिथे तीच तीन अक्षरं पुन्हा पुन्हा वाढत जातात, ते आजार त्यात सहज निसटतात, त्यांची वेगळी टेस्ट मागवावी लागते.

गोळी_आणि_जीन
माझं मत विचाराल तर सुरुवात औषधांपासून करा, कारण तिथे रिपोर्ट आल्यावर काय करायचं ते ठरलेलं असतं. रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारं क्लोपिडोग्रेल यकृतात सीवायपी२सी१९ एन्झाइमने कामाला लागतं, ते एन्झाइम ढिलं असेल तर स्टेंट टाकलेल्या पेशंटला गोळी चालू असूनही पुरेसं संरक्षण नाही, औषध बदलायचं. फिटसाठीच्या कार्बामाझेपिनच्या आधी एचएलए-बी*१५:०२ हा जीनचा प्रकार आहे का बघायचं, आशियाई वंशाच्या लोकांत तर नक्कीच, नाहीतर स्टीव्हन्स-जॉन्सन, अंगाची कातडी सोलून निघते. कॅन्सरच्या ५-फ्लुरोयुरॅसिलच्या आधी डीपीवायडी हा जीन. सीपीआयसीच्या (जीन बघून औषध कसं ठरवायचं ते सांगणारा तज्ज्ञांचा गट) गाइडलाइन्स फुकट वाचता येतात. यासाठी अख्खं सिक्वेन्सिंगही लागत नाही, ठरावीक जागा तपासल्या की झालं. फक्त निकाल फाईलमध्ये गाडून ठेवू नका, प्रिस्क्रिप्शन लिहिताना स्क्रीनवर अलर्ट आला पाहिजे.

वंशावळ_ताई
मी जेनेटिक काउन्सेलर. टेस्टच्या आधी तीन पिढ्यांचा तक्ता कागदावर काढा, कोण कशाने गेलं, कितव्या वर्षी, नात्यात लग्न झालंय का. निम्म्या वेळा टेस्ट कोणती ते त्यावरच ठरतं.

आता खरी डोकेदुखी: व्हीयूएस, म्हणजे अर्थ न लागलेला बदल. जीनमधल्या बदलांच्या २०१५च्या वर्गीकरणात पाच पायऱ्या आहेत, ही मधली, म्हणजे बदल दिसतोय पण घातक की निरुपद्रवी ते ठरत नाही. मध्यंतरी एक बाई बीआरसीए२ या स्तन-अंडाशयाच्या कॅन्सरशी जोडलेल्या जीनमधला व्हीयूएस घेऊन आल्या, पाठवणाऱ्या डॉक्टरांनी त्या ओळीखाली लाल पेनने दोन रेघा मारलेल्या आणि बाईंनी ऑपरेशनची तारीखही विचारून ठेवलेली! तेवढ्या ओळीवर ऑपरेशन करायचं नसतं, घरातला कॅन्सरचा इतिहास बघून पुढचं ठरतं. पुढे असे बरेचसे बदल निरुपद्रवी ठरतात. त्यातही मोठे डेटाबेस युरोपीय वंशाच्या लोकांच्या नमुन्यांनी भरलेत, त्यामुळे बाकीच्यांच्या पदरी व्हीयूएस जास्त.

उत्साही_पार्टनर
तो पार्टनर मीच :ड. पण निरोगी लोकांत काही सापडतं की नाही? मग आधीच कळलेलं काय वाईट?

वंशावळ_ताई
सापडतं ना. मेडसेक या अमेरिकेतल्या प्रकल्पाचा २०१७चा अभ्यास वाचा, तो प्राथमिक उपचारांतल्या पेशंटवरच आहे. ५० जणांचं जीनोम केलं, ११ जणांत एकाच जीनमुळे होणाऱ्या आजाराचा धोका दाखवणारे बदल निघाले, पण त्या आजाराची लक्षणं प्रत्यक्षात दोघांतच दिसली. उरलेल्या नऊ जणांना तुम्ही काय सांगणार, कुठे पाठवणार, त्यांच्या भावाबहिणींना कोण कळवणार, हे ठरलं असेल तर खुशाल करा. आणि न विचारलेलं काही सापडलं तर कळवायचं की नाही, ते पेशंटकडून आधीच लिहून घ्या.

साधासुधा_डॉक्टर
सगळ्यांचे आभार. औषधांच्या टेस्ट आणि वंशावळ एवढ्यावर सुरू करतो, पार्टनर कुरकुरत का होईना तयार झालाय. एक राहिलं, रिपोर्ट निगेटिव्ह आला तर परत कधी बघायचा?

पिपेटवाली
एक-दोन वर्षांनी, किंवा नवं लक्षण दिसलं की लगेच. नवीन जीन्सचा संबंध सतत कळत असतो, त्यामुळे तोच डेटा पुन्हा तपासला तर कधी कधी निदान निघतं, नव्याने रक्त काढावं लागत नाही. त्यासाठी लॅब कच्चा डेटा किती वर्षं ठेवते आणि पेशंटला देते का, ते करारात लिहून घ्या. फोनवर सगळेच हो म्हणतात.