मदत हवी आहे: आईला बोट लागू नये म्हणून कुठली केबिन घ्यावी?

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आई-बाबांना क्रूझवर न्यायचंय. बाबा ३६५ मीटर लांब, २० मजली ‘आयकॉन ऑफ द सीज’चे व्हिडिओ बघून हरखलेत. आमचं जहाज एवढं मोठं नाही म्हणा! आईला मात्र ताम्हिणी घाटात तिसऱ्या वळणालाच गाडी लागते. पर्समध्ये आवळासुपारीची डबी कायम.

कोथरूडचा एजंट वरच्या मजल्यावरची, पार पुढच्या टोकाची बाल्कनीवाली केबिन गळ्यात मारतोय. पण सी-सॉसारखं जहाजही मधोमध कमी हलतं ना? शिवाय स्टॅबिलायझरचे पंख डावं-उजवं डोलणं कमी करतात, टोकांचं वर-खाली होणं नाही.

मधली, खालच्या मजल्यावरची खिडकीवाली केबिन कुणी घेतली होती का? तिथे इंजिनाची घरघर जाणवते का? शनिवारपर्यंत बुकिंग करायचंय.