आप्पांचं आतड्याचं ऑपरेशन झालंय, भाकरी कधीपासून द्यायची?

बाळीवेसकर: आप्पांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर, ऑपरेशन होऊन १२ दिवस झाले, आता घरी आणलंय. वजन ५८ वरून ५१ वर आलंय, चार घास खाल्ले की पोट भरलं म्हणतात आणि मागणं एकच, कडक भाकरी नि शेंगा चटणी. डिस्चार्जला "हलकं द्या" एवढंच सांगितलं. हलकं म्हणजे काय हो नेमकं?

आहारवाली ताई: दादा, मी डायटिशियन आहे. भाकरी, शेंगा, कच्ची कोशिंबीर साधारण ४ ते ६ आठवडे नको, नंतर सर्जनला विचारून थोडी थोडी. पण म्हणून नुसती पेज नि साबुदाणा देत बसू नका, बरेच जण इथंच चुकतात. जखम भरायला प्रोटीन लागतं, किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे आप्पांना ६० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात ६ येतं. मऊ भात-मुगाचं वरण, उकडलेलं अंडं, पनीर, दही, दिवसातून सहा वेळा थोडं थोडं. किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

विजापूर रोड: पोटावर शौचाची पिशवी (आतड्याचं तोंड पोटावर काढून लावतात ती) आहे का? आईला लहान आतड्याची होती, उन्हाळ्यात पाण्यासारखी भरायची, आम्ही नुसतं पाणी पाजत राहिलो आणि ती अजूनच गळाली, मग ओआरएसवर सावरली.

बाळीवेसकर: पिशवी नाही. आत्ताच वरणभात कालवून दिला, अर्धी वाटी खाल्ला.

आहारवाली ताई: छान. उलट्या, पोट फुगणं, गॅस सरणं बंद होणं, ताप, यातलं काही दिसलं तर रात्र असली तरी दवाखान्यात न्या.